काट्यावर

लातूरच्या एमआयडीसीत, डाळमिलच्या भिंतीला लागून
आमची गाडी उभी आहे परवाच्या दुपारपासून.
परवा नंबर सतरावा होता, आज सकाळी अकरावा.
म्हणजे गाडी चालली म्हणायची,
चाक न फिरता.

आईचा फोन येतो.
'काय करूलालास, वैजू?'
'थांबूलालाव.'
'काल बी थांबूलालास म्हणलास की.'
'व्हय. ते कालचं थांबणं होतं.'

लायसनचंही असंच झालं.
हलक्या गाडीचं मिळालं, तर म्हणाले, आता वर्षभर कळ काढ.
वर्ष काढलं, तर आरटीओत सर्वर बंद.
पुढच्या खेपेला साहेब ट्रेनिंगला.
त्याच्या पुढच्या खेपेला टीसीवर सुर्यवंशी,
आधारला सूर्यवंशी,
एका उकारापायी दहा चाकं चार महिने अडली.
चुलतभाऊ चाकणहून फोटो पाठवायचा,
कंपनीच्या टोपीतला.
मी ग्रीसनं काळे झालेले अंगठे
कॅमेऱ्यापुढून मागं घ्यायचो.

पावणेदोन वर्षं किन्नर.
ए किन्नर, पाना आण.
ए किन्नर, काच पूस, मागं बघ, आणखी मागं, बास.
मैनोद्दीन उस्ताद शिव्या देत नाहीत,
फक्त पुन्हा करायला लावतात.
ताडपत्रीची गाठ मी सात वेळा सोडली एका रात्री
औसा रोडला, टॉर्च दातात धरून.
टायरवर टॉमी मारून आता मला कळतं
कुठल्या चाकात जीव कमी आहे.
हे कुणी शिकवलं नाही.
थांबून थांबून कानाला लागलं.

स्टार्टर मारला की मी लगेच गिअरला हात घालायचो,
तेव्हा ते हातावर हात ठेवायचे.
'हवा भरू दे.'
डॅशबोर्डवरची सुई लालमधून वर चढायची,
मुंगी भिंतीवर चढते तशी.
टाकीत हवा नसली तर ब्रेक सुटतच नाही,
कितीही रेस कर, गाडी जागेवर गुरगुरते.
मी सुईकडं बघत बसायचो.
ते बिडी पेटवायचे.
पुढं काही बोलायचे नाहीत.

आज हमाल जेवायला गेले ते तीनलाच आले.
मग एक पोतं फाटलं,
पिवळीधमक डाळ धुळीत सांडली,
शेवंताबाई खराटा घेऊन आल्या, सूप घेऊन बसल्या.
'अजून इथंच का रे लेकरा?'
म्हटलं, 'इथंच.'
'मी बी,' म्हणाल्या, 'एकोणीस वर्षं,'
आणि पाखडत राहिल्या.

लायसन येऊन आठ दिवस झालेत.
शर्टाच्या खिशात आहे, प्लास्टिकमध्ये,
घामानं तरीही ओलं होतं.
मी कुणाला दाखवलं नाही.
उस्तादांनीही विचारलं नाही.

पाचच्या सुमाराला आमचा पुकारा झाला.
उस्ताद टपरीवर होते, बशीत चहा ओतलेला.
त्यांनी बशी खाली न ठेवता
डाव्या हातानं किल्ली फेकली.
'काट्यावर लाव. रिकामं वजन घेऊन ये.'

दीडशे पावलं असतील, फार तर.
स्टार्टर मारला.
सुई चढेपर्यंत थांबलो.
मागची गाडी हॉर्नवर हॉर्न, मी थांबलो.
मग ब्रेक सुटल्याचा तो फुस्स आवाज,
आणि डाळमिलची भिंत
हळूच मागं सरायला लागली.

काट्यावर गाडी चढली, लोखंड हललं.
खिडकीतून कुणी ओरडलं,
'ओ ड्रायव्हर! खाली उतरा की.
तुमचं वजन धरत नसतेत.'

मी आधी मागं वळून बघितलं,
उस्ताद आले की काय म्हणून.
मागं कुणीच नव्हतं.
मग उतरलो.

लाल आकडे थरथरले, थांबले.
नऊ हजार आठशे चाळीस.
मी बाजूला धुळीत उभा,
त्या आकड्यात कुठंच नसलेला.

चिठ्ठी घेऊन आलो तेव्हा हमालांच्या लायनीत
पुन्हा पाच गाड्या पुढं होत्या.
उस्तादांनी चिठ्ठी तेवढी घेतली, घडी करून कानावर खोचली,
आणि बाकावर मला जागा केली.
किल्ली माझ्या मुठीतच होती.
त्यांनी मागितली नाही.